आप्पा बोलले होते, पण लिहून ठेवले नव्हते : अखेरचे उपचार आणि आपला निर्णय

माहीमकरीण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझे वडील मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १९ दिवस होते आणि तेथेच गेले. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. वय ८१. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, १२ वर्षांपासून होता आणि शेवटची २ वर्षे घरात ऑक्सिजनचे यंत्र होते. त्या यंत्राची घरघर चालू असताना ते अनेकदा म्हणाले होते, "मला नळ्यांत गुंडाळून ठेवू नका. श्वास संपला की संपला." त्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ 'तिन्हीसांजेला असे अभद्र बोलू नये' असे म्हणून त्यांना गप्प करत असू. मला सल आहे तो त्या गप्प करण्याचा.

ज्या रात्री त्यांची शुद्ध हरपू लागली त्या रात्री भावाने रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात पोहोचल्यावर एका तरुण डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केले आणि सांगितले की, आता नळी घालून व्हेंटिलेटरला जोडले नाही तर हातात फार तर पंधरा मिनिटे आहेत. भावाने सही केली. त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती, आणि हे येथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे नातेवाइकांत त्या सहीवरून बरेच बोलले गेले. पंधरा मिनिटांत कोणीही आपल्या बापाच्या मरणाचा निर्णय घेऊ शकत नाही. तो आधीच, शांतपणे, आप्पांच्याच तोंडून व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या भेटीला आत गेले तेव्हा एका परिचारिकेने माझ्या हातात पारदर्शक पिशवी ठेवली. त्यावर खाटेचा क्रमांक लिहिलेला होता आणि आत आप्पांची तुळशीची माळ होती. मानेतील शिरेत नळी घालायची म्हणून ती कात्रीने कापावी लागली होती. ३४ वर्षे ती माळ त्यांच्या गळ्यातून उतरली नव्हती. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. अर्धवट शुद्धीत ते घशातील नळी ओढू पाहत, म्हणून त्यांची दोन्ही मनगटे पट्टीच्या कापडाने खाटेच्या कठड्याला बांधली होती. गाठ घट्ट नव्हती, खाली कापूसही ठेवला होता, बांधणाऱ्याने काळजीनेच बांधले होते. पण आप्पा माझ्याकडे पाहून बोटे हलवत आणि ती बोटे काय मागत आहेत हे मला कळत होते.

बाराव्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की, व्हेंटिलेटर सुटण्याची शक्यता आता उरलेली नाही, घशाला छिद्र करून नळी बसवावी लागेल आणि मूत्रपिंडे थकल्यामुळे डायलिसिसही सुरू करावे लागेल. मी विचारले की, आम्हाला यापुढचे काहीच नको असेल तर? त्यावर ते म्हणाले की, चालू उपचार काढून घेण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही, कायद्याची प्रक्रिया मॅजिस्ट्रेटपर्यंत जाते. हवे असल्यास 'डामा'वर सही करून, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आम्ही त्यांना घरी नेऊ शकतो. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला उद्वाहक नाही. नळी कोण काढणार, कोठे काढणार, जिन्यात की घरात, आणि त्यानंतर त्यांना धाप लागली तर ती कोण शमवणार, या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही सही केली नाही. छिद्र झाले, डायलिसिस झाले आणि एकोणिसाव्या दिवशी जंतुसंसर्गाने ते गेले. जाण्यापूर्वी त्यांच्या छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न दोनदा झाला.

इच्छामरणाची चर्चा निघाली की आपण लगेच इंजेक्शनावर येतो, परदेशांतील कायद्यांवर येतो. माझा अनुभव असा आहे की, मुंबईतील बहुतेक घरांत हा प्रश्न मध्यरात्री पुढे केलेल्या एका संमतीपत्राच्या रूपाने येतो, आणि त्या क्षणी ज्याच्या देहाचा प्रश्न आहे त्याला बोलता येत नसते. म्हणून मी मागील वर्षी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करून ठेवले. बोलता येईनासे झाल्यावर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे त्यात आधीच लिहिलेले असते. त्याबद्दल विचारल्यास सांगेन. पण त्याआधी इतरांचे अनुभव आणि विरोधी मतेही वाचायची आहेत.


वकील_फोर्ट

ताई, आपण लिहिलेल्या २०१९ च्या परिस्थितीमागे काय होते ते सांगतो, कारण आपल्या डॉक्टरांनी टाळाटाळ केली असे कोणाला वाटू नये.

या विषयाचा कायदा बराचसा मुंबईतच घडला आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे तेव्हाच्या भारतीय दंडविधानातील कलम ३०९ घटनाबाह्य असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात दिला. तो न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच मत दिले आणि १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्या पीठाने म्हटले. पण ज्याचे मरण आधीच सुरू झाले आहे त्याला सन्मानाने मरता येणे हा मात्र जगण्याचाच भाग असू शकतो, अशी एक फट त्याच निकालात राहिली. पुढची सारी वाट त्या फटीतून गेलेली आहे.

७ मार्च २०११ रोजी अरुणा शानबाग प्रकरणात न्यायालयाने उपचार थांबवण्याची परवानगी तत्त्वतः मान्य केली, परंतु प्रत्येक वेळी उच्च न्यायालयात जाण्याची अट घातली. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींनी घटनेच्या कलम २१ खाली सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल दोन्ही मान्य केले. ही याचिका २००५ पासून प्रलंबित होती. मात्र त्या निकालात इतक्या पायऱ्या होत्या की रुग्ण त्या चढण्याआधीच जात असे. रुग्णालयाचे मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले दुसरे मंडळ, त्यानंतर मॅजिस्ट्रेटने रुग्णाच्या खाटेशी येऊन खातरजमा करणे, आणि मंडळावरील डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव हवा. आपल्या आप्पांची वेळ नेमकी या काळातली आहे.

२४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया सोपी केली. आता लिव्हिंग विलवर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. मंडळे दोनच आहेत आणि दोन्ही रुग्णालयानेच नेमायची आहेत. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान ५ वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. मॅजिस्ट्रेटची परवानगी आता लागत नाही, अंमलबजावणीपूर्वी त्यांना केवळ कळवायचे असते. मंडळाने नकार दिला तर कुटुंब उच्च न्यायालयात जाऊ शकते. आणि हे अनेकांना ठाऊक नसते की, कोणतेही इच्छापत्र नसले तरी कुटुंबीयांच्या संमतीने हीच प्रक्रिया करता येते. म्हणून 'डामा' हा एकमेव मार्ग असल्याचे आज कोणी सांगितले, तर त्यांना आदराने पण ठामपणे २०२३ चा आदेश दाखवावा.

शब्दांबाबत एक विनंती. रुग्णाला औषध देऊन त्याचा मृत्यू घडवून आणणे भारतात आजही गुन्हा आहे. निरुपयोगी ठरलेले उपचार न देणे किंवा काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला 'इच्छामरण' म्हटल्यामुळेच अनेक डॉक्टर आणि कुटुंबे घाबरतात.


गणपतराव_लालबाग

मी ७८ वर्षांचा आहे. वरील दोन्ही लेखन काळजीपूर्वक वाचले. माहीमकरीण बाईंच्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तरीही मला जे भय वाटते ते मांडतो.

आमची चाळ पुनर्विकासाला निघालेली आहे. खोली माझ्या नावावर आहे. मुलगा आणि सून दोघेही चांगले आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही आणि हे लिहिल्याने त्यांच्यावर संशय येऊ नये. परंतु याच चाळीत मी म्हाताऱ्या माणसांना घरातल्या घरात हळूहळू नको झालेले पाहिले आहे. कोणी त्यांना मारत नाही. फक्त औषध आणायला उशीर होतो, चष्म्याची काच फुटली तर ती महिनाभर तशीच राहते, दवाखान्यात न्यायला कोणाला रजा मिळत नाही. मग तो म्हातारा स्वतःच म्हणू लागतो की, "पुरे झाले आता, देवाने न्यावे." हे वाक्य त्याची इच्छा म्हणून कागदावर उतरवले आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर कायद्याच्या दृष्टीने सारे ठीकच दिसेल. पण त्या माणसाला मरण नको होते, त्याला चष्मा हवा होता.

दुसरे असे की, आमच्यासारख्यांची पंचाईत जास्त उपचारांची नसते. आम्हाला पालिकेच्या रुग्णालयात आयसीयूची खाट मिळावी म्हणून चिठ्ठ्या घेऊन फिरावे लागते. ज्यांना उपचार मिळतात त्यांनी ते नाकारण्याचा हक्क मागावा, त्याला माझा विरोध नाही; परंतु ज्यांना मिळतच नाहीत त्यांच्या तोंडी हा हक्क कोणी घालू नये.


शुश्रूषा

गणपतकाका, आपले चष्म्याचे वाक्य मी दोनदा वाचले. मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका होते आणि आपण म्हणता ते रोज पाहिले आहे. म्हातारी माणसे 'मला मरू द्या' म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यांना वेदना होत असतात, एकटे वाटत असते किंवा आपण ओझे झालो आहोत असे वाटत असते. या तिन्हींवर आधी काही करून पाहिल्याशिवाय ते वाक्य खरे मानू नये, असे आम्हाला आमच्या सिस्टर ट्यूटर शिकवत असत.

वकीलसाहेबांनी अरुणा शानबाग यांचे नाव घेतले म्हणून लिहिते. त्या आमच्यातल्याच होत्या, परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, आणि मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, वॉर्ड क्रमांक ४ मध्ये पडून राहिल्या. त्यांना मरण द्यावे अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती आणि केईएमच्या परिचारिकांचा तिला विरोध होता. न्यायालयाने असे मानले की, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे. याचिका फेटाळली गेली त्या दिवशी परिचारिकांनी पेढे वाटले. पुष्कळ लोकांना ते विचित्र वाटले, निष्ठुरही वाटले.

मला ते निष्ठुर वाटले नाही आणि त्याचे कारण सांगते. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. अनेक वर्षे त्यांना हाताने भरवले जात होते. पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ द्यायची नसेल तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, चादरीची एकही सुरकुती अंगाखाली राहू द्यायची नसते, घाम आणि लघवी लगेच पुसावी लागते, टाचांखाली आणि माकडहाडाशी लाली दिसली की त्याच पाळीत उपाय करावा लागतो. हे रात्रीच्या पाळीतही करावे लागते, जेव्हा ४० रुग्णांमागे दोन सिस्टर असतात. अरुणा यांच्या अंगावर जखमा नसल्याची नोंद न्यायालयानेही घेतली. त्या नोंदीमागे परिचारिकांच्या कित्येक पिढ्या आहेत. ज्यांनी हे केले त्यांना 'आता तिचे खाणे थांबवा' असे सांगणे म्हणजे त्यांच्याच हाताने त्यांचे काम पुसायला सांगणे होते.

पण त्याच वेळी मी आयसीयूतही काम केले आहे, आणि माहीमकरीण ताईंच्या वडिलांसारख्या हातांना पट्ट्या मीही बांधल्या आहेत. बांधताना 'आजोबा, दोन दिवसांत सोडते हं' असे म्हणत असे. ज्यांचे सुटणारच नव्हते त्यांनाही म्हटले आहे. अरुणा यांची शुश्रूषा आणि ही बांधाबांध, दोन्हींना आपण 'जीव वाचवणे' हे एकच नाव देतो, आणि तेथेच घोळ होतो असे मला वाटते.


अनिकेत_मुलुंड

माझा अनुभव उलटा आहे आणि तो या धाग्यावर असावा म्हणून लिहितो. २०२२ मध्ये माझ्या आईला न्यूमोनिया झाला, वय ७४. व्हेंटिलेटर लावण्यापूर्वी मामाने 'आता तिचे हाल करू नका' असा आग्रह धरला होता. आम्ही व्हेंटिलेटर लावला. नवव्या दिवशी तो निघाला आणि आज ती नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाते. तिने कधी काळी 'नळ्या नकोत' असे लिहून ठेवले असते तर?


माहीमकरीण

अनिकेत, आपल्या आईंबद्दल वाचून मनापासून आनंद झाला. आपला प्रश्न मीही माझे इच्छापत्र करताना विचारला होता. लिव्हिंग विल शुद्धीवर असलेल्या किंवा बरे होण्याची वाजवी आशा असलेल्या माणसाला लागू होत नाही. आजार असाध्य आहे आणि सुधारण्याची आशा नाही, असे दोन्ही मंडळांनी म्हटले तरच ते उघडले जाते. आपल्या आईंच्या न्यूमोनियाला ते लागूच झाले नसते.

मला ज्या अतिदक्षतातज्ज्ञ बाईंनी मार्गदर्शन केले त्यांनी एक उपाय सांगितला, जो आप्पांच्या वेळी आम्हाला कोणी सांगितला असता तर बरे झाले असते. व्हेंटिलेटर लावतानाच डॉक्टरांशी मुदत ठरवावी. 'आपण हा उपचार पाच दिवस करून पाहू. ऑक्सिजनची गरज, रक्तदाबाची औषधे आणि शुद्ध या गोष्टी सुधारल्या तर पुढे चालू, नाही तर सहाव्या दिवशी पुन्हा बसून बोलू,' असे आधीच ठरले की सुरू करताना भीती वाटत नाही आणि थांबवताना अपराधी वाटत नाही. नळी घालणे म्हणजे ती कायमची घालणे असे आम्ही धरून चाललो होतो.


केदार_पार्ले

चर्चा संयमाने चालली आहे, पण सर्वजण जेथे थांबत आहेत तेथून पुढे जाणे मला भाग आहे.

माझ्या पत्नीला मोटर न्यूरॉन आजार होता. प्रथम बोटे गेली, मग पाय, मग जीभ, शेवटी गिळणे. मेंदू मात्र अखेरपर्यंत लख्ख. ती व्हेंटिलेटरवर नव्हती, त्यामुळे काढून घेण्यासारखे काही नव्हते. अक्षरांच्या तक्त्यावर मी बोट फिरवत असे आणि योग्य अक्षर आले की ती पापणी मिटत असे. अशा रीतीने तिने मला जे वाक्य सांगितले ते येथे लिहिणार नाही, पण तिला काय हवे होते याबद्दल कोणताही संदेह नव्हता, आणि तिच्या देखभालीत कशाचीही उणीव नव्हती. काका, तिच्याकडे चष्मा होता.

नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत २००२ पासून अशा रुग्णाला डॉक्टरांच्या हातून मरण मागता येते. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थी हेतू नसेल तर मरणास साहाय्य करणे गुन्हा नाही. कॅनडात २०१६ पासून कायदा आहे. आपण मात्र यंत्राला जोडलेल्या माणसाची सुटका मान्य करतो आणि यंत्राशिवाय तितकेच सोसणाऱ्याला सांगतो की, तुझ्यासाठी काही नाही. जो फरक वकीलसाहेबांनी सांगितला तो कायद्याचा म्हणून मला समजतो. माणुसकीचा फरक म्हणून तो मला अजून कोणी समजावू शकलेले नाही.


वृंदा

केदारदादा, आपले लिहिणे वाचून काही वेळ थांबले, मग लिहायला बसले. मी परिहार सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, समुपदेशक म्हणून काम करते. आपल्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आम्ही बहुतेक वेदना शमवू शकतो, धाप शमवू शकतो, आणि अगदी अखेरच्या दिवसांत काहीही शमेनासे झाले तर रुग्णाला औषधाने निद्रेत ठेवता येते. पण आपल्या पत्नीला जे सोसावे लागले ते अखेरच्या दिवसांपुरते नव्हते, आणि तेथे आमची विद्या कमी पडते हे मान्य करते.

तरीही सक्रिय इच्छामरणाच्या कायद्याला मी आज मुंबईत पाठिंबा देणार नाही, आणि कारण गणपतकाकांच्या प्रतिसादात आहे. ज्या देशात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील असंख्य रुग्णांना तीव्र वेदना शमवणारी मॉर्फिनची गोळी मिळत नाही, तेथे मरणाची मागणी कितपत मोकळ्या मनाने केली गेली आहे हे कसे ठरवायचे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळवण्यासाठी इतके परवाने मागितले की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवाने सोपे झाले, पण भीती गेलेली नाही. 'सवय लागेल' असे तीन आठवड्यांचे आयुष्य उरलेल्या बाईंच्या मुलाने मला सांगितले आहे. वेदनेच्या मापाने दिलेले, दर चार तासांनी घेतलेले मॉर्फिन माणसाला झोपवून टाकत नाही, व्यसनीही करत नाही. बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचक द्यावेच लागते. या एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कितीतरी जण गोळी बंद करतात. आणि हेतू वेदना शमवण्याचा असेल तर मॉर्फिन देणे म्हणजे मारणे नव्हे, हे डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मुंबईकरांना ठाऊक असावे म्हणून लिहिते की, भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांच्या शुश्रूषेचे ठिकाण, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये येथेच सुरू झाले आणि तेथे कर्करोगाच्या अखेरच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतात. परळच्या टाटा रुग्णालयाचा परिहार सेवा विभागही आहे.

घरी शेवट होत असेल तर कुटुंबाला सर्वांत छळणारा प्रश्न असतो तो 'उपाशी कसे ठेवायचे' हा. अखेरच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न मागेनासे होते. तेव्हा सलाईन जोराने चढवले तर पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठते आणि घशातील घरघर वाढते. त्या वेळी तोंड कोरडे पडू न देणे हेच जेवण. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत, जिभेवर थेंब सोडावेत. आपल्याकडे तुळशीपत्र आणि गंगाजल देतात, ते याहून वेगळे नाही. एका आजींनी मला हे करताना पाहिले आणि म्हणाल्या, "अगो, हे तर आम्ही करतच होतो, मग मध्येच कोणी बंद केले?"


सुधीर_गोरेगाव

आजींचे वाक्य वाचून मनात आले ते लिहितो. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांनी औषध आणि अन्नपाणी सोडले तेव्हा मी महाविद्यालयात होतो. सावरकरांनीही १९६६ मध्ये दादरला तसेच केले होते. दोघांच्या विचारांत जमीनअस्मानाचे अंतर, पण आपले काम संपले आहे हे दोघांनी स्वतः ठरवले. जैन समाजातील सल्लेखनेला, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे 'आता पुरे' म्हणण्याला आपल्या परंपरेत जागा होती. मात्र या सर्व उदाहरणांत माणूस शुद्धीवर होता आणि घरात किंवा आश्रमात होता, हेही लक्षात घ्यावे. आप्पांना तीच जागा मिळाली नाही.


गणपतराव_लालबाग

केदार, तुमच्या पत्नीविषयी वाचले. माझ्या चष्म्याच्या बोलण्याने तुम्हाला लागले असेल तर क्षमा मागतो. तो तुमच्या घरासाठी नव्हता.

माहीमकरीण बाई, तुम्ही ते कागदपत्र कसे केले ते लिहा. मला माझ्यासाठी हवे आहे. परंतु माझे असे लिहिता येईल का की, मला उपचार हवेत, वेदनांचे औषध हवे, आणि केवळ शेवटी दोन्ही मंडळांनी नाही म्हटल्यावर यंत्र नको? म्हणजे नकाराबरोबर होकारही?


माहीमकरीण

काका, अवश्य लिहिता येते, आणि खरे तर तसेच लिहावे. माझ्या कागदाची सुरुवात मला काय हवे यानेच झालेली आहे. तो मी मराठीत लिहिला. वेदना आणि धाप शमवण्याचे सर्व उपचार, मॉर्फिनसह, मला शेवटपर्यंत हवेत. बरे होण्याची शक्यता असेपर्यंत व्हेंटिलेटर, डायलिसिस सर्व करावे. ती शक्यता नाही असे मंडळांनी ठरवल्यावर घशाला छिद्र, डायलिसिस आणि छातीवर दाब देणे नको. आणि शक्य झाल्यास शेवट घरी, नाही तर जेथे एक माणूस चोवीस तास जवळ बसू शकेल अशा खोलीत व्हावा. छातीवर दाब न देण्याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांचाही उल्लेख केला.

साक्षीदार म्हणून शेजारच्या वाडीतील दोन जणींना घेतले, ज्यांचा माझ्या घराशी किंवा पैशाशी काही संबंध नाही. आपल्या भयावर हाच पहिला उपाय आहे. माझ्या वतीने बोलणारे म्हणून एकाऐवजी दोघांची नावे घालता येतात, ती घालावीत. एक नाव घरातले आणि एक बाहेरचे असले तर बरे. नोटरीकडे एका बैठकीत काम झाले. एक प्रत आमच्या कौटुंबिक डॉक्टरांकडे आहे. महापालिकेने अशी इच्छापत्रे जपून ठेवण्यासाठी प्रभागांतील आरोग्य अधिकाऱ्यांची नेमणूक केली आहे, दुसरी प्रत तेथे दिली. येथील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला म्हणून ही सोय झाली. मन बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो, आणि आपण शुद्धीवर आहोत तोवर कागदापेक्षा आपले बोलणेच मोठे असते.

भावाला हे सांगायला मात्र मला चार महिने लागले. आप्पांसाठी त्याने केलेल्या सहीनंतर आम्ही त्या रात्रीबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो. मी कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने तो पूर्ण वाचला, पुन्हा पहिल्या पानावर गेला, आणि विचारले, "ताई, त्या रात्री मी चुकलो का?" मी नाही म्हणाले. मग आम्ही दोघांनी आप्पांची माळ पिशवीतून काढली. दोरा कापलेला होता, मणी सर्व होते. त्याने ती नव्या दोऱ्यात ओवून घ्यायला नेली आहे, आणि माझ्या कागदावर दुसऱ्या क्रमांकावर त्याचे नाव आहे.